मोटारींतील दिवा आणि त्याचा अर्थ



रत्नागिरीच्या पावसांत मोटार अडण्याची धास्ती कोणास नवी नाहीं. परंतु गेल्या आषाढांत आमच्या जांवयांच्या मोटारीनें दिलेली धास्ती निराळी होती. त्यांची मोटार हायब्रिड, म्हणजे पेट्रोलचें इंजिन व विजेची मोटर या दोहोंवर चालणारी. हातखंब्याहून येतांना समोरच्या पट्टीवर इशाऱ्याचा दिवा लागला. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्यें निदान झालें : मोठी बॅटरी बदला, खर्च लाखाच्या वर. कारण विचारतां, ‘यंत्रांत तसा कोड आला आहे’, एवढेंच उत्तर मिळालें.

हा कोड आला कोठून? पेट्रोल व वीज यांची सांगड फर्डिनांड पोर्श यांनीं १९०० च्या सुमारास घातली होती. परंतु अशी मोटार मोठ्या प्रमाणावर विकली गेली ती डिसेंबर १९९७ मध्यें जपानांत ‘प्रियस’ निघाल्यावर. दिव्याचा इतिहास वेगळा आहे. कॅलिफोर्नियांतील हवा मोटारींच्या धुरानें दूषित झाली, तेव्हां मोटारीनें स्वतःचा दोष स्वतः सांगावा, असा दंडक तेथें १९८८ च्या गाड्यांपासून लागू झाला. १९९६ पासून अमेरिकेंतील नव्या मोटारींना एकसारखे कोड व एकसारखें सॉकेट आलें. हेतु हा कीं, कोणत्याही गॅरेजमधील मिस्त्रीस दोष वाचतां यावा. भारतांत ही पद्धति २०१० ते २०१३ या काळांत टप्प्याटप्प्यानें आली.

तरीही कित्येक कोड व ते वाचण्याचीं साधनें कंपन्यांच्याच मुठींत राहिलीं. भारतीय स्पर्धा आयोगानें २५ ऑगस्ट २०१४ रोजीं चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारें २,५४४ कोटी रुपये दंड ठोठावला, आणि सुटे भाग व निदानाचीं साधनें स्वतंत्र मिस्त्रींनाही मिळावींत, असें बजावलें. दंडाचा वाद पुढें अपिलांत गेला. परंतु मूळ प्रश्न प्रत्येक ग्राहकाचा आहे.

कोड हें लक्षण आहे, निदान नव्हे. ताप दिसला म्हणून वैद्य लगेच शस्त्र हातीं घेत नाहीं. आम्हीं कोडचा क्रमांक लेखी मागितला, कोणतीं मापें घेतलीं तें विचारलें, आणि दुसऱ्या जाणत्या मिस्त्रीस मोटार दाखविली. मागील आसनापाशीं बॅटरीला गार ठेवणाऱ्या पंख्याची जाळी धुळीनें व केसांनीं गच्च बुजली होती. ती साफ होतांच दिवा विझला, तो अद्याप लागलेला नाहीं.

मी कोणावर लबाडीचा आरोप करीत नाहीं. बॅटरी खरोखरच झिजलेली असूं शकते. शिवाय तींतील वीज प्राणघातक असते, म्हणून अशिक्षित हातानें तेथें शिरूं नये. मात्र कारण विचारणें हा उद्धटपणा नव्हे. शाळेंत चाळीस वर्षें मीं मुलांना सांगितलें कीं, नुसतें उत्तर पुरेसें नाहीं, रीत दाखवा. वर्कशॉपलाही तोच नियम लावावा, एवढीच विनंती.