वेळ मागे नेणारा राजपुत्र

नव्वदच्या दशकात पेण असो की रोहा, तालुक्याच्या गावात संगणक पहिल्यांदा हाताळायला मिळाला तो क्लासमध्ये. काळ्या पडद्यावर डॉसच्या आज्ञा घोकायच्या आणि सरांची पाठ वळली की ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ चालू करायचा. तळघरात अडकलेला, पांढऱ्या कपड्यांतला एक तरुण. ६० मिनिटांत १२ लेव्हल पार करून राजकन्येला सोडवायचं. तो धावायचा, कड्याला लोंबकळायचा, स्वतःला वर ओढून घ्यायचा, आणि हे सगळं इतकं खरं वाटायचं की मुलं खेळणाऱ्याच्या मागे घोळका करून नुसतं बघत उभी राहायची.

ती चाल खरीच होती. जॉर्डन मेक्नर या अमेरिकी तरुणाने १९८५ मध्ये आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून एका वाहनतळावर पळायला, उड्या मारायला लावलं आणि त्याचं व्हिडिओ चित्रीकरण केलं. मग टीव्हीच्या पडद्यावर एकेक क्षण थांबवून त्याचे फोटो काढले, शरीराच्या कडा हाताने गिरवल्या आणि ती चित्रं संगणकात उतरवली. खेळ ॲपल टू या संगणकावर १९८९ मध्ये आला. त्याची मेमरी इतकी तोकडी होती की नायकाच्या हालचाली भरल्यावर शत्रूसाठी जागाच उरेना. मेक्नरने नायकाचीच चित्रं थोडी सरकवून एकमेकांवर बसवली आणि त्यातून चमचमणारा काळसर जोडीदार उभा राहिला. आरशातून बाहेर पडणारी ती सावली आजही या खेळातली सर्वांत लक्षात राहणारी व्यक्तिरेखा आहे. ग्राफिक्सच्या इतिहासात मेमरी वाढल्यामुळे झालेली प्रगती सगळे सांगतात. मेमरी संपल्यामुळे झालेली ही प्रगतीही तेवढ्याच मोलाची.

खेळाचा जाच मात्र जबरदस्त. खिळ्यांवर पडलं की लेव्हल पहिल्यापासून, आणि गेलेली मिनिटं गेलीच. खेळ सेव्ह करायची सोय तिसऱ्या लेव्हलपासून पुढे. त्यात कोकणातला पावसाळा. लाइट कधी जाईल याचा नेम नाही. तेच दार, तीच उडी, तोच पहारेकरी पुन्हा पुन्हा. यावर मुलांनी तोडगा काढला होता. खेळाच्या नावापुढे ‘मेगाहिट’ टाइप करून तो सुरू केला, की शिफ्ट आणि एल ही बटणं दाबून लेव्हल ओलांडता येई. ज्यांना इंग्रजीचा धडा पाठ होत नसे त्यांनाही हे स्पेलिंग तोंडपाठ! ‘कॉन्ट्रा’च्या कॅसेटवर ३० लाइफ देणारा बटणांचा क्रमही असाच. तो मुळात काझुहिसा हाशिमोतो या जपानी प्रोग्रॅमरने १९८६ च्या ‘ग्रेडियस’मध्ये स्वतःसाठी घातला होता. खेळ तपासायचा होता आणि तो त्यालाच झेपत नव्हता.

हा जाच चोरवाटेने नव्हे, राजरोस दूर झाला तो २००३ मध्ये. युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओने ‘द सँड्स ऑफ टाइम’ आणला. कथा सुरू होते ती भारतातल्या एका महाराजाच्या राजवाड्यावरच्या हल्ल्याने. राजपुत्राच्या हाती एक खंजीर लागतो आणि बटण दाबून धरलं की काही सेकंदांपुरता काळ उलटा फिरतो. चुकलेली उडी उलगडत मागे येते, पडलेला राजपुत्र पुन्हा कड्यावर उभा. खंजिरातली वाळू मोजकी असल्याने धाकधूक शिल्लक राहते, पण शिक्षा म्हणून तीच वाट पुन्हा तुडवावी लागत नाही. खेळणाऱ्याच्या वेळेची एवढी कदर त्याआधी फार थोड्या खेळांनी केली होती.

याच खेळाचा नवा अवतार घडवायचं काम पुढे महाराष्ट्रात आलं. युबिसॉफ्टने २००८ मध्ये गेमलॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ घेतला होता, २०१८ मध्ये मुंबईतही स्टुडिओ काढला. सप्टेंबर २०२० मध्ये या दोघांच्या नव्या ‘सँड्स ऑफ टाइम’ची घोषणा झाली. झलक पाहून जगभरातून टीका आली, आणि ती प्रामुख्याने चेहऱ्यांवर. पेणच्या गणपती कारखान्यात हे कुणालाही समजेल: साच्यातून मूर्ती निघते, रंगही चढतो, पण डोळ्यांची आखणी फसली की सगळी मेहनत वाया. तारखा पुढे ढकलल्या गेल्या, मे २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे गेलं आणि जानेवारी २०२६ मध्ये प्रकल्पच रद्द झाला. पुण्या-मुंबईच्या कलाकारांवर तेव्हा जी चेष्टा बरसली ती अन्यायाची होती. १७ वर्षांपूर्वीचा खेळ नव्याने उभारणं हे भल्याभल्यांना जड जाणारं काम आहे, आणि माँट्रियललाही ते पुरं करता आलं नाही.

ती घोषणा झाली त्या वर्षी, २०२० मध्ये, पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ प्रसिद्ध केला. श्रुती घोष, अविचल सिंह आणि इयन मॉड यांची ही छोटी कंपनी. २०१७ मधला लोकवर्गणीचा प्रयत्न अयशस्वी ठरला होता. ‘राजी’ची नायिका भिंतींवरून धावते, खांबांवर चढते, प्रिन्सचं घराणं लपत नाही. चेहऱ्यांच्या हुबेहूबपणामागे न लागता त्यांनी राजस्थानी किल्ले, भित्तिचित्रं आणि छाया-बाहुल्या यांतून रूप घडवलं. ‘द गेम अवॉर्ड्स’च्या २०२० च्या नामांकनांत तो पोहोचला. टीका झाली ती लढाईच्या हाताळणीवर, आणि २०२२ च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी नेमकी तीही दुरुस्त करायला घेतली, शिवाय हिंदी संवाद दिले. मराठी संवादांची वाट अजून पाहावी लागते आहे.

मेक्नरचा मूळ ॲपल टूवरचा प्रोग्रॅम बरीच वर्षं हरवला होता. वडिलांना जुन्या फ्लॉपी सापडल्या आणि २०१२ मध्ये त्याने तो इंटरनेटवर सर्वांसाठी खुला केला. पेण-रोह्यातल्या ज्या मुलामुलींना खेळ बनवायचे आहेत, त्यांनी महागड्या कोर्सची फी भरण्याआधी तो एकदा जरूर उघडून पाहावा. तो फुकट आहे.