कोपऱ्यावरचा पोरगा

माहुलला आज मुंबईकर जातो तो खाडीतले रोहित पक्षी बघायला. नाहीतर प्रकल्पबाधितांच्या इमारतींच्या बातमीत तो हे नाव वाचतो. माहुल आणि कबड्डी ही जोडी मात्र सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. कोळ्यांच्या या गावाशेजारी बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना १९५५ साली सुरू झाला. १९७६ मध्ये त्याचं राष्ट्रीयीकरण झालं आणि पुढच्याच वर्षी त्याला भारत पेट्रोलियम हे नाव मिळालं. मुंबईच्या मैदानांवर हे नाव पेट्रोलपंपापेक्षा वेगळ्या कारणाने घेतलं जातं. कबड्डीच्या व्यावसायिक गटात भारत पेट्रोलियमचा संघ दबदबा राखून आहे. रिशांक देवाडिगा आणि कल्याणचा डावा कोपरारक्षक गिरीश इरनाक याच कंपनीकडून खेळले.

कंपनीने खेळाडू असा उचलणं म्हणजे काय, हे अमेरिकेशी तुलना केली की कळतं. तिथे अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या शाळकरी पोराला कॉलेज उचलतं. तिथला लाइनबॅकर म्हणजे पुढच्या फळीच्या मागे उभा राहून समोरच्याचा डाव आधी ओळखणारा आणि मग त्याला आडवा करणारा गडी. त्याची उंची, वजन, चाळीस यार्ड धावायला लागणारा वेळ सगळं मोजून त्याच्या नावापुढे दोन ते पाच तारे लावतात आणि मग शिष्यवृत्ती देऊ करणारे प्रशिक्षक घरी येऊन बसतात. मुंबईत कबड्डीपटूसाठी हे काम कॉलेजने फारसं केलंच नाही. ते केलं कंपन्यांनी, बँकांनी, रेल्वेने, पोलिसांनी. परळ-लालबागच्या चाळींतल्या, कोळीवाड्यातल्या पोराला हवी असायची ती कायमची नोकरी. १९८२च्या संपानंतर गिरण्यांचा भोंगा विरत गेला, तशी खेळातून मिळणाऱ्या नोकरीची किंमत आणखी वाढली.

पण नोकरी कुणाला द्यायची? चढाईपटूचं सोपं असतं. तो गुण घेऊन परततो, मैदान ओरडतं, गुणतक्त्यावर त्याचं नाव चढतं. पकड करणारा पोरगा मात्र बहुतेक वेळ काहीच करत नसल्यासारखा दिसतो. त्याला जोखायचं कसं, हा प्रश्न कबड्डीइतकाच जुना आहे.

या जुनेपणाला थोडं उकरून पाहिलं पाहिजे. कबड्डीच्या जुन्या रूपाचे, हुतूतूचे, निरनिराळे प्रकार होते. संजीवनीत बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होई. गामिनीत एकदा बाद झाला की अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसावं लागे. अमरमध्ये गडी बाद होऊनही मैदानातच राही, फक्त गुण मोजले जात. विचार करा, गामिनीत घाईने घोटा धरायला गेलेला पोरगा किती महाग पडत असेल! एक कच्ची पकड आणि पुढचा सगळा डाव बाकावर. आजची कबड्डी संजीवनीवर उभी आहे, म्हणून चुकीला थोडी माफी आहे. तरीही कोपऱ्यावरच्या गड्याकडून संयमाची अपेक्षा होते, ती बहुधा त्या जुन्या हिशेबातूनच आली असावी.

या खेळाला नियमांच्या चौकटीत बसवण्याचं बरंचसं काम मराठी माणसांनी केलं. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी खेळाचं प्रात्यक्षिक दाखवलं. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ झाला. पुढे बुवा साळवींनी तो वाढवला. महाराष्ट्रात १५ जुलै हा त्यांचा जन्मदिन कबड्डी दिन म्हणून पाळतात. या सगळ्या काळात पोरगं वर येण्याची वाट एकच राहिली: गल्लीतलं मंडळ, किशोर गट, कुमार गट, जिल्ह्याचा संघ आणि तिथून कंपनी.

या वाटेवर बचावपटू पारखणाऱ्याची नजर नेमकी कुठे असते, हे जाणकारांच्या शेजारी बसलं की कळतं. ते चढाईपटूकडे बघतच नाहीत. कोपऱ्यावरचा पोरगा डोळे कुठे ठेवतो ते बघतात. चढाईपटू हातवाऱ्यांनी, मानेने फसवतो, पण कंबर खोटं बोलत नाही. ज्या पायावर भार नाही तो पाय पट काढायला सापडला, तर गडी हातातून निसटतो. भार पडलेला घोटा धरला तर तो जागीच थांबतो आणि शेजारचा मध्यरक्षक धडक द्यायला येईपर्यंतचा अर्धा क्षण मिळतो. तो अर्धा क्षण मिळवून देणं हेच कोपऱ्याचं खरं काम. पुष्कळदा शिट्टी वाजते तेव्हा वरून मगरमिठी घातलेली असते मध्यरक्षकाने, आणि टाळ्याही त्यालाच पडतात.

मग वजनाचा काटा. पुरुष गटात ८५ किलोची मर्यादा असते, म्हणून अंगापिंडाने थोराड पोरगा पुढे चालेलच असं नाही. मातीवरचा पोरगा मॅटवर बूट घालून तितकाच चपळ राहतो का, हेही आता बघावं लागतं. आणि तीनच गडी उरलेले असताना तो काय करतो? तिथे यशस्वी पकडीला एक जादा गुण मिळतो, म्हणजे मोहही मोठा. कुमार गटातले अर्धे कोपरे इथेच उडी घेऊन फसतात.

या पारखीचं फळ जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला दिसलं. रिशांकच्या नेतृत्वाखालच्या महाराष्ट्राने अंतिम फेरीत सेनादलाला हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद आणलं. त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेसाठी निवडलेल्या भारतीय संघात रिशांक आणि गिरीश दोघेही होते. तिथे मात्र १९९० पासून अखंड सुवर्ण जिंकणाऱ्या भारताच्या पुरुषांना कांस्यावर समाधान मानावं लागलं. सुवर्ण इराणने नेलं.

इराणचं नाव निघालं की फजल अत्राचली आठवणारच. डाव्या कोपऱ्यावरचा हा गडी प्रो कबड्डी लीगमधल्या यू मुंबा संघाने पारखला, मग तो दुसरीकडे गेला आणि २०१८च्या लिलावात त्याच संघाने १ कोटी रुपये मोजून त्याला परत आणला. प्रो कबड्डीत पकडींचे ५०० गुण पार करणारा पहिला बचावपटू तोच.

लिलावाने बचावपटूंवरचा एक जुना अन्याय थोडासा धुतला, हे मान्य करावं लागेल. २०१४च्या पहिल्या लिलावात सगळ्यात जास्त बोली होती १२ लाख ८० हजारांची, राकेश कुमारवर. दोनच वर्षांनी, २०१६ मध्ये, सगळ्यात महाग खेळाडूवर ५३ लाखांची बोली लागली. तो चढाईपटू नव्हता. तो होता मोहित छिल्लर, यू मुंबाकडून खेळून गेलेला उजवा कोपरारक्षक.