सातपुड्यातला ‘एस’

1987 साली ‘लॅन्सेट’मध्ये लंडनच्या एका चमूचा निबंध आला आणि बरीच खळबळ माजली. रक्तात जीसी नावाचे, ड जीवनसत्त्व वाहून नेणारे एक प्रथिन असते. त्याचा अमुक आनुवंशिक प्रकार असेल तर एचआयव्हीची बाधा लवकर होते, तमुक असेल तर माणूस बचावतो, असा दावा होता. इतर प्रयोगशाळांना तसे काही आढळेना. पुढच्याच वर्षी त्या चमूने आपलीच माहिती चुकीची होती असे छापून टाकले. हा प्रामाणिकपणा फार कमी वेळा दिसतो.

तरी रक्तातल्या प्रथिनावरून रोगाचा धोका ठरतो, ही कल्पना हवेतली नव्हती. तिचे सर्वांत भक्कम उदाहरण सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, आणि ते आपल्या खानदेशातल्या आदिवासी वस्त्यांत भेटते.

शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये एका रुग्णाच्या रक्तातल्या विळ्यासारख्या पेशींची नोंद छापली. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की विजेच्या प्रवाहात या रुग्णांचे हिमोग्लोबिन निराळ्या वेगाने सरकते. त्यालाच पुढे ‘एस’ म्हणू लागले. मग व्हर्नन इंग्रॅम यांनी नेमका दोष शोधला: बीटा साखळीतल्या 146 अमिनो आम्लांपैकी सहावे तेवढे बदललेले. एवढ्याशा बदलाने माणूस वेदनेने तळमळतो. मात्र हा बदल घडवणारा जनुक एकाच पालकाकडून आला, तर जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेतून मांडले.

भारतात ‘एस’ सापडला 1952 मध्ये, निलगिरीच्या आदिवासींत. महाराष्ट्रात पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी त्याचा माग काढण्यात हयात घालवली. धुळे जिल्ह्यातून 1998 मध्ये वेगळ्या झालेल्या नंदुरबारच्या भिल्ल-पावरा वस्त्यांत पाचातला एक जण वाहक, म्हणजे हा जनुक एकाच पालकाकडून मिळालेला, असे आकडे निघाले. सातपुड्याच्या जंगलात हिवताप पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला. वाहक मुले तगली, त्यांच्याबरोबर ‘एस’ही तगला. आपल्याकडच्या ‘एस’ची जनुकीय ठेवण आफ्रिकेतल्या प्रकारांहून वेगळी, पूर्व अरबस्तानातल्याशी जुळणारी आहे. तो इथेच स्वतंत्रपणे उपजला असे 1986 पासून मानले जाते. 2018 चा एक अभ्यास मात्र सगळ्या ‘एस’चे मूळ सुमारे 7,300 वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेत नेतो. वाद मिटलेला नाही.

लंडनचा तो एचआयव्हीचा दावा या मुद्द्यावरच संशयास्पद वाटायला हवा होता. हिवतापाला माणसाचे रक्त चाळायला हजारो वर्षे मिळाली. एचआयव्ही माणसात येऊन तेव्हा शंभर वर्षेही झाली नव्हती. शिवाय अशा दाव्यांतून एचआयव्हीपुढे कुठल्या जमातीचे रक्त ‘कमजोर’, असली भाषा गावात फार लवकर पसरते आणि रुग्णाला बोल लावायला कामी येते.

दोघे वाहक असतील तर दर बाळंतपणात सिकलसेलग्रस्त मूल होण्याची शक्यता चारात एक. तेव्हा चोपडा, यावल, रावेर, शिरपूरकडच्या मंडळींनो, लग्नाची बोलणी पक्की होण्याआधी सरकारी दवाखान्यात मुलाची नि मुलीची, दोघांचीही सिकलसेल तपासणी करून घ्या.