पैशाबरोबर जाणारा शब्द : हुंडी, मनीऑर्डर आणि शेरा

मित्राला पैसे पाठविताना त्यांबरोबर कोणते शब्द लिहावेत, हा प्रश्न वरवर पाहता अभ्यासाचा विषय वाटत नाही. परंतु पैसा मुका असतो. शंभर रुपये हाती पडले, तरी ती जुन्या देण्याची फेड आहे, उसनवारी आहे की आहेर आहे, हे रकमेवरून ओळखता येत नाही. समक्ष देवघेवीत हे काम प्रसंग आणि संभाषण करतात; पैसा दूर पाठवावयाचा झाला, की ते लिखित शब्दावर येऊन पडते. हुंडी, मनीऑर्डर आणि यूपीआय ह्या तीन व्यवस्था ह्या दृष्टीने क्रमाने पाहिल्या असता असे दिसून येते की, प्रत्येक व्यवस्थेत त्या शब्दाचा वाचक बदलला आणि वाचकाबरोबर शब्दाचे कार्यही बदलले.

हुंडीमध्ये शब्द आणि पैसा ह्यांत भेद नव्हता. पेशवेकालीन पुण्यातील सावकार असोत की पुढील काळातील मुंबईचे सराफ असोत, दूरच्या पेढीने रक्कम द्यावी अशी आज्ञा कागदावर लिहिणे हेच पैसे पाठविणे होते. साहजिकच ही भाषा साचेबंद राहिली. पाहताच रक्कम द्यावयाची ती 'दर्शनी', ठरलेल्या दिवसांनी द्यावयाची ती 'मुदती'. 'धनीजोग', 'शहाजोग', 'नामजोग' ह्या संज्ञांतील 'जोग' हे संस्कृत 'योग्य' ह्याचे प्राकृतातून आलेले रूप होय. रक्कम कोणाला देणे योग्य, एवढेच ते सांगते. शहाजोग हुंडीची रक्कम बाजारात पत असलेल्या व्यापाऱ्याच्या हातीच पडे. आकड्यांत फेरफार होऊ नये म्हणून रक्कम लिहून, मग तिची निमपट आणि त्या निमपटीची दुप्पट लिहिण्याची रीत होती. हुंडी हरवल्यास 'पेठ' आणि तीही हरवल्यास 'परपेठ' मिळे. चुकती झालेली हुंडी 'खोका' म्हणून ओळखली जाई. जे. एल. ऑस्टिन ह्यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड येथील व्याख्यानांत कृतिरूप वचनांचे जे विवेचन केले, त्याला हुंडीहून चोख उदाहरण क्वचितच सापडेल. मात्र पैसे कशासाठी पाठविले हे सांगणे हुंडीचे काम नव्हते; आरंभीच्या मायन्यातील कुशलवचनेदेखील साच्याचाच भाग होती.

'कशासाठी' ह्या प्रश्नाला कायद्याने मोल दिले ते १८७२ च्या भारतीय करार अधिनियमात. एकाच धनकोची अनेक देणी असलेल्या ऋणकोने रक्कम देताना ती अमुक देण्यापोटी आहे असे कळविले आणि धनकोने ती स्वीकारली, तर ती त्याच देण्याकडे वळती केली पाहिजे, असे कलम ५९ सांगते. ऋणकोने काहीच सूचित केले नाही आणि परिस्थितीवरूनही ते उमगत नसेल, तर कलम ६० अन्वये निवड धनकोच्या हाती जाते. दोघेही गप्प राहिले, तर कलम ६१ प्रमाणे देणी कालक्रमाने फिटतात. ह्याचा अर्थ असा की, शब्द हा देणाऱ्याचा पहिला हक्क आहे आणि मौनाने तो गमावला जातो.

१ जानेवारी १८८० पासून मनीऑर्डरचे काम सरकारी खजिन्यांकडून डाकखात्याकडे आले. तिच्या अर्जात रकमेची आज्ञा, पोच आणि निरोपाचे कुपन असे वेगळे भाग होते. पैशाचा शब्द आणि माणसाचा शब्द येथे प्रथमच एकाच कागदावर, पण निरनिराळ्या चौकटींत आले. मुंबईच्या गिरण्यांतून कोकणात आणि घाटावर जाणाऱ्या मनीऑर्डरींवर असंख्य घरे चालत. घेणाऱ्यास अक्षरओळख नसेल, तर पोस्टमन कुपन वाचून दाखवी. त्यामुळे लिहिणारा दोन श्रोते गृहीत धरी: ज्याच्यासाठी निरोप आहे तो, आणि ज्याच्या तोंडून तो जाणार आहे तो. उसन्या पैशांचा उल्लेख आडवळणाने का होई, ह्याचे एक कारण ह्या दुसऱ्या श्रोत्यात शोधता येते. पैसे देऊन झाल्यावर कुपन घरातच राही आणि सही किंवा अंगठा उमटलेली पोच पाठविणाऱ्याकडे परत येई.

२००८ पासून डाकखात्याची इलेक्ट्रॉनिक मनीऑर्डर आली आणि २०१५ मध्ये जुनी कागदी पद्धत बंद झाली. नव्या पद्धतीत ठराविक वाक्यांच्या यादीतून निरोप निवडावयाचा होता. शुभेच्छांच्या तारांत हीच रीत पूर्वीपासून होती. म्हणजे कुपनाने दिलेले स्वातंत्र्य पुन्हा साच्यात गेले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयने ते अंशतः परत केले. तेथे संदर्भाची दोन कामे विभागली गेली आहेत. व्यवहार ओळखण्यासाठी यंत्रच बारा अंकी क्रमांक देते; माणसासाठी शेऱ्याची छोटी जागा उरते. ती रिकामी ठेवली तरी पैसे पोचतात. हुंडीत ज्याच्यावाचून पैसा हलत नसे, तो शब्द आता ऐच्छिक झाला आहे.

ऐच्छिक झाला म्हणून तो निरर्थक झाला, असे मात्र म्हणता येत नाही. मराठीत 'कर्ज', 'उसने' आणि 'हातउसने' ह्यांत रकमेचा नव्हे, तर नात्याचा भेद आहे. हातउसन्यात व्याज नाही, कागद नाही, साक्षीदार नाही. मैत्री हेच तारण. अशा पैशांबरोबर 'कर्ज' हा शब्द गेला, तर मित्राला ऋणको केल्यासारखे होते. काहीच गेले नाही, तर पुढे तो पैसा भेट ठरण्याची वाट मोकळी राहते. १९६३ च्या मुदत अधिनियमान्वये दिलेल्या कर्जाच्या वसुलीस सामान्यतः तीन वर्षांची मुदत आहे. मुदतीच्या आत अंशतः फेड होऊन तिची देणाऱ्याच्या हस्ताक्षरातील किंवा सहीची नोंद असेल, तर ती मुदत नव्याने सुरू होते. १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमाने मित्राला 'नातेवाईक' मानले नव्हते. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात मिळालेल्या भेटी पन्नास हजार रुपयांवर गेल्या की त्या करपात्र ठरत, पण विवाहप्रसंगी स्वतः वधूवरांस मिळालेल्या भेटींना सूट होती. 'आहेर' आणि 'उसने' ह्या दोन शब्दांतील अंतर असे कायद्यापर्यंत पोचते. शेरा हा निर्णायक पुरावा नव्हे; परंतु आठवणी परस्परविरुद्ध होतात तेव्हा व्यवहाराच्या क्षणी लिहिलेला तोच एक शब्द शिल्लक असतो.

आज मित्रामित्रांत शेरा बहुधा थट्टेचा असतो. मालिनोव्स्की ह्यांनी १९२३ मध्ये ज्या संपर्कपर भाषेचे वर्णन केले, तिचेच हे रूप होय. माहिती देणे हा तिचा हेतू नसतो, सलगी राखणे हा असतो. परंतु पोस्टमनच्या जागी आता बँकेचे खातेपत्रक आले आहे. पोस्टमन गावचा होता, त्याला प्रसंग ठाऊक असे. खातेपत्रक वाचणारा लेखापरीक्षक किंवा वकील तो प्रसंग जाणत नाही. हुंडीचा शब्द केवळ पेढीसाठी होता आणि कुपनाचा मुख्यतः घरासाठी. शेऱ्याला मात्र दोन्ही दरबारी उभे राहावे लागते. 'चहाचे', 'तिकिटाचे', 'हातउसने परत' असे साधे शब्द ह्या कसोटीस उतरतात, कारण ते मित्राला दुखवीत नाहीत आणि परक्याला फसवीत नाहीत. साचा मोडल्यानंतर शब्दाच्या निवडीचा भार लिहिणाऱ्यावर आला, हाच ह्या इतिहासाचा निष्कर्ष होय.