गोंधळी आख्यानकथन : शिक्षणपरंपरा

देवीच्या उपासनेतील विधिनाट्य असलेल्या गोंधळात मौखिक कथाकथनाची कला वडीलधाऱ्यांकडून आत्मसात करण्याची पद्धती. कोल्हापूरची अंबाबाई ही अनेक कुटुंबांची कुलस्वामिनी असल्याने या परिसरात लग्नकार्यानंतर गोंधळ घालण्याची रीत आहे.

गोंधळ्यांत रेणुराई आणि कदमराई असे दोन मुख्य भेद आहेत. पाटावर चौक भरून, घट मांडून व दिवटी पेटवून विधी सुरू होतो. पूर्वरंगात गण आणि देवतांना आवाहन, तर उत्तररंगात आख्यान असते. मुख्य गोंधळी म्हणजे नाईक कथा सांगतो. साथीदार मध्येच प्रश्न विचारून तिला पुढे नेतो. हरिश्चंद्राची कथा, जांभूळ आख्यान यांसारखी आख्याने रात्र रात्र रंगतात.

हे शिक्षण घरातच व प्रत्यक्ष प्रयोगात होते. मुलगा आधी दिवटी धरतो, मग तुणतुणे किंवा झांज वाजवतो, झील धरतो आणि संबळाचा ठेका अंगी बाणवतो. ऐकून ऐकून कथा पाठ होते. परंतु कोठे थांबावे, कोठे हसवावे, कोणता प्रसंग वाढवावा, हे नाईकाशेजारी उभे राहूनच उमगते. हाताच्या खुणांनी अक्षरे सुचवणारी करपल्लवीही याच सहवासात शिकली जाते.

शब्द लिहून ठेवता येतात. श्रोत्यांकडे पाहून कथा घडवण्याचे कसब मात्र जाणत्याच्या साथीनेच टिकते. म्हणून ही गुरुपरंपरा जपणे अगत्याचे आहे.