पोक

"पोक काढून बसू नकोस!" हे ऐकलं नाही असा मराठी माणूस मला अजून भेटलेला नाही. आमच्या वर्गातल्या एका मुलाला तर ते रोज ऐकावं लागायचं, वर पाठीत धपाटाही मिळायचा. बिचारा खरंच प्रयत्न करायचा, पण पाठ काही सरळ व्हायची नाही.

होल्गर शॉयरमन या डॅनिश डॉक्टरबद्दल वाचताना तो आठवला.

वाकलेल्या पाठीवरचे जुने इलाज भयंकर आहेत. ग्रीस देशात रुग्णाला शिडीला बांधून ती उंचावरून दणकन आदळायचे. हिप्पोक्रॅटिसच्या नावावरच्या ग्रंथातच म्हटलंय की हे बहुतेक वेळा बघ्यांना थक्क करण्यासाठी चालतं. (त्याच ग्रंथात रुग्णाला दोन्हीकडून ताणून पाठीवर फळीनं दाब देण्याची कृतीही आहे, म्हणजे फार दयाळूपणा होता असं नाही!)

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लहान वयात कामाला जुंपलेल्या पोरांची पाठ वाकली, की स्नायू कमजोर आहेत म्हणायचे. थोडक्यात, दोष पोराचाच. शॉयरमननं अशा मुलांचे बाजूनं एक्स-रे काढले आणि १९२० साली सांगितलं की गडबड हाडातच आहे. मणके पुढच्या बाजूला कमी वाढतात, पाचरीसारखे होतात. पाचरी एकावर एक रचल्या तर कमान होणारच ना? कारण मात्र त्याचं चुकलं. हाडाच्या कडेचा रक्तपुरवठा तुटतो असं त्याला वाटलं होतं. आज आनुवंशिकतेचा वाटा मोठा मानतात.

वरच्या पाठीला साधारण २० ते ४५ अंशांचा बाक सगळ्यांनाच असतो. सलग तीन मणके प्रत्येकी ५ अंश किंवा जास्त पाचरलेले असले की शॉयरमनचा आजार, ही कसोटी १९६४ ची. वाढीच्या वयात पट्टा लावून बाक आवरता येतो. वाढ थांबल्यावर पट्ट्याचा फारसा उपयोग नाही. व्यायामानं दुखणं कमी होतं, पाचर जात नाही. बाक ७५ अंशांच्या वर गेला आणि त्रास थांबेना, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो.

शॉयरमनचा प्रबंध कोपनहेगन विद्यापीठानं नाकारला होता. त्याच विद्यापीठानं १९५७ मध्ये, तो ८० वर्षांचा असताना, त्याला मानद डॉक्टरेट दिली. असो.

नुसत्या सवयीचा पोक असेल तर उताणं झोपल्यावर किंवा मागे वाकल्यावर पाठ सरळ होते, हाडाचा असेल तर होत नाही. एवढी सोपी परीक्षा! आमच्या शाळेत दरवर्षी डॉक्टर यायचे. उंची, वजन, दात बघायचे. त्या मुलाला कुणी कधी उताणं झोपवून पाहिल्याचं मला आठवत नाही.