शेजाऱ्याची बातमी आणि शेजाऱ्याचे घर

'ध'चा 'मा' करणे म्हणजे काय, हे मराठी श्रोत्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. 1773 साली पुण्यास नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांना 'धरावे' अशा हुकमातील एक अक्षर आनंदीबाईंनी बदलले आणि त्याचे 'मारावे' झाले, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती कितपत खरी, हा वाद येथे नको. तिच्यातून आपल्या लोकांनी एक शहाणपण मात्र जपून ठेवले आहे: कागद हाती आला की तो कोणाकोणाच्या हातून आला, हे आधी पाहावे. हेच शहाणपण फ्रान्स आणि जर्मनी या दोन राष्ट्रांना फार मोठी किंमत देऊन, आणि अखेर शाळेतल्या मुलांच्या करवी, कसे शिकावे लागले त्याची हकीकत सांगावी, असे आम्ही योजिले आहे.

1870 च्या जुलैत प्रशियाचे राजे विल्हेल्म हे एम्स या झऱ्यांच्या गावी विश्रांतीसाठी राहिले होते. त्यांच्या घराण्यातील लिओपोल्ड या राजपुत्राचे नाव स्पेनच्या रिकाम्या गादीसाठी पुढे आले होते, आणि फ्रान्सने हरकत घेतल्यावर ते मागेही घेतले गेले होते. पण तेवढ्याने पॅरिसचे समाधान झाले नाही. 13 जुलैला फ्रेंच वकील बेनेदेत्ती यांनी राजांना फिरण्याच्या वाटेवर गाठले आणि यापुढे असा उमेदवार कधीही उभा राहणार नाही, असे कायमचे वचन मागितले. राजांनी ते नाकारले. पुढे माघारीची बातमी पक्की झाल्यावर, आता अधिक बोलण्यासारखे काही उरले नाही, असा निरोप त्यांनी आपल्या अधिकाऱ्याकडून वकिलास पाठविला. ही सारी हकीकत तारेने बर्लिनला बिस्मार्ककडे गेली.

बिस्मार्कने त्या तारेत नवे असे फारसे काही घातले नाही. त्याने मुख्यतः गाळले. निरोपाचे कारण गेले, सौम्यपणा गेला, आणि उरले ते एवढेच की, राजाने वकिलाला पुन्हा भेटण्याचे नाकारले. वर भाषांतराने आणखी भर घातली. जर्मनमध्ये 'आड्युटांट' म्हणजे राजाच्या दिमतीचा मोठा अधिकारी. फ्रेंचमध्ये त्याच उच्चाराच्या जवळचा शब्द खालच्या पायरीच्या लष्करी माणसाला लावतात. जर्मन वाचकांना वाटले, फ्रेंच वकिलाने आमच्या राजाशी उद्धटपणा केला. फ्रेंच वाचकांना वाटले, आमच्या वकिलाला एका साध्या शिपाईगड्याकरवी दारातून परतविले. मजकूर एकच, अपमान मात्र दोघांचाही! 19 जुलैला फ्रान्सने युद्ध पुकारले. त्या युद्धाला इतर कारणेही पुष्कळ होती आणि ते हवे असणारी माणसे दोन्ही राजधान्यांत होती. पण लोकांना त्यासाठी पेटवून देण्याचे काम त्या छापील चार ओळींनी केले.

त्या युद्धात अल्सास आणि लॉरेनचा काही भाग फ्रान्सच्या हातून गेला. 1914 साली दुसरे युद्ध आले आणि 1939 साली तिसरे. दरम्यानच्या काळात दोन्हीकडची मुले आपापल्या पुस्तकांतून शेजाऱ्याचा द्वेष पाठ करीत होती. पुस्तकात छापले आहे, गुरुजींनी सांगितले आहे, मग शंका कोणी काढावी? बाबा वाक्यं प्रमाणम्!

ही शंका मुलांना कशी शिकवावी, याचा एक मार्ग सेलेस्तँ फ्रेने या फ्रेंच शिक्षकाने दाखविला. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला जबर जखम झाली होती. 1920 नंतरच्या दशकात बार-स्यूर-लू या दक्षिणेकडील खेड्यातील शाळेत त्याने एक लहानसे छापयंत्र आणले. मुले स्वतः मजकूर लिहीत, खिळे जुळवीत, छापीत, आणि छापलेले कागद दूरच्या दुसऱ्या शाळेतील मुलांना पाठवीत. ज्या मुलाने स्वतः खिळे जुळविले आहेत, जागा पुरेना म्हणून एखादे वाक्य गाळले आहे, त्याला छापील शब्द हा आकाशातून पडत नाही, तो माणसे घडवितात, हे वेगळे सांगावे लागत नाही. आणि पलीकडे वाचणारा कोणी आहे, तो 'हे असे नाही' म्हणून लिहून कळवील, ही जाणीव त्याला जपून लिहायला लावते.

पण फ्रेनेचे यंत्र 1939 चे युद्ध थोपवू शकले नाही, हेही तितकेच खरे. काही शिक्षकांच्या उत्साहावर राष्ट्रांची मने पालटत नाहीत. त्याला गावांचे, घरांचे आणि सरकारचे पाठबळ लागते. ते दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू मिळाले. फ्रान्समधील माँबेलियारचे नगराध्यक्ष ल्युसियँ तारादँ हे बुखेनवाल्डच्या छळछावणीतून जिवंत परत आलेले. सूड मागण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो त्यांना होता. त्यांनी 1950 साली आपल्या गावाचा जर्मनीतील लुडविग्सबुर्ग या गावाशी स्नेहसंबंध जोडला. 1951 साली दोन्ही देशांच्या इतिहासशिक्षकांनी एकत्र बसून वादाच्या प्रश्नांवर 40 कलमे संमत केली. जर्मनीच्या बाजूने त्यात पुढाकार होता तो गेओर्ग एकर्ट यांचा. 9 सप्टेंबर 1962 रोजी त्याच लुडविग्सबुर्गमध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल जर्मन तरुणांपुढे उभे राहिले आणि जर्मन भाषेत बोलले. 22 जानेवारी 1963 ला उभय देशांचा एलिसे करार झाला, आणि त्याच वर्षी 5 जुलैला तरुणांच्या देवाणघेवाणीसाठी दोघांच्या पैशाने चालणारी संस्था स्थापन झाली. तिच्या मदतीने आजवर 90 लाखांहून अधिक तरुण एकमेकांकडे गेले-आले आहेत.

या देवाणघेवाणीत घडते तरी काय? मुलगा वसतिगृहात राहत नाही, समवयस्क विद्यार्थ्याच्या घरी राहतो, आणि पुढे तो विद्यार्थी याच्या घरी येतो. कधी आठ-पंधरा दिवस, कधी तीन महिने, तर व्होल्तेरच्या नावाच्या योजनेत सहा महिने. पहिले काही दिवस भाषेची फजिती होते. मग घरोघरी मातीच्या चुली, हे कळू लागते. आणि खरा धडा येथून पुढे सुरू होतो. एकाच घटनेची दोन देशांतील दोन वर्तमानपत्रे शेजारी-शेजारी मांडायची: मथळा कशाचा आहे, छायाचित्र कोणाचे आहे, कोणाला बोलू दिले आहे, आणि काय गाळले आहे? एम्सची मूळ तार आणि बिस्मार्कने आखूड केलेली तार, अशा दोन्ही प्रती शिल्लक असल्याने, त्या शेजारी ठेवून वाचण्याचा पाठ शिक्षक आजही देतात. 1982 साली जर्मनीतील ग्र्युनवाल्ड येथे युनेस्कोच्या परिषदेने प्रसारमाध्यमांचे शिक्षण शाळेत हवे, असे जाहीर केले. 1983 साली फ्रान्सने त्यासाठी खास केंद्र काढले.

2003 साली, एलिसे कराराच्या चाळीसाव्या वर्षी, बर्लिनमध्ये जमलेल्या दोन्ही देशांच्या विद्यार्थ्यांनीच मागणी केली की, आम्हांला इतिहासाचे एकच पुस्तक द्या. 2006, 2008 आणि 2011 साली त्याचे तीन भाग निघाले. मजकूर एक, भाषा दोन. सर्वच शाळांनी ते उचलून धरले असे मात्र झाले नाही. देवाणघेवाणीलाही पैसा लागतो, भाषा लागते, आणि जेथे ही दोन्ही नाहीत तेथील मुले मागे राहतात. शिवाय घरी पाहुणा राहून गेला म्हणजे मनातील सर्व ग्रह धुऊन निघतात, असेही नाही.

1992 च्या मास्ट्रिख्ट कराराने युरोपीय संघाचे नागरिकत्व कायद्याने निर्माण केले. पण कायदा हक्क देतो. शेजाऱ्याविषयीची बातमी वाचून क्षणभर थांबण्याची सवय तो देऊ शकत नाही. ती सवय ज्याला लागते, त्याला बातमी वाचताना एक चेहरा आठवतो, एका घराचे जेवणाचे टेबल आठवते, आणि तो लिहून विचारतो, 'तुमच्याकडे हे कसे छापले आहे?' 1870 साली पॅरिस आणि बर्लिनमध्ये असे विचारणारे पुरेसे लोक नव्हते. आज पत्र क्षणात पोहोचते, आणि गाळलेली, वाकविलेली बातमीही तितक्याच क्षणात पोहोचते. म्हणूनच त्या प्रश्नाची गरज कमी झालेली नाही, वाढली आहे, असे आम्हांस वाटते.